६ सेकंद नाद, ३० सेकंद विराम

कामाच्या ट्रकमधल्या इशाऱ्याच्या घंटांना वैतागलेले पुष्कळ भेटतात. त्या कान देऊन ऐकणारे थोडे. फोर्डने २००० च्या मॉडेलांपासून टप्प्याटप्प्याने आणलेला ‘बेल्टमाइंडर’ ऐकून पाहा. पट्टा न लावता गाडी निघाली की घंटा ६ सेकंद वाजते, ३० सेकंद थांबते, पुन्हा वाजते. असं ५ मिनिटांपर्यंत. खरी कारागिरी त्या ३० सेकंदांत आहे. सलग आवाजाला कान सरावतो आणि त्याला बाजूला सारतो. इथे मात्र मन जरा कुठे रस्त्याकडे वळतं, तोच आवर्तन पुन्हा समेवर येतं. विरामाचा इतका नेमका उपयोग करणाऱ्याला लय कळली होती, यात शंका नाही.

या संयमाला इतिहासही आहे. अमेरिकेत १९७४ च्या मॉडेलांच्या मोटारींत पुढचे पट्टे लावल्याशिवाय इंजिनच सुरू होत नसे. लोक भडकले. त्याच वर्षी काँग्रेसने ती सक्ती काढून टाकली आणि सक्तीच्या बझरलाही ८ सेकंदांची मर्यादा घातली. पुढे करकरणाऱ्या बझरची जागा घंटेच्या स्वराने घेतली: ठोका पडताक्षणी ठळक, मग अलगद विरणारा. त्या विरण्यामुळेच तो टोचतो, पण ओरबाडत नाही.

पिकअपमध्ये शेजारच्या सीटवर हत्यारांची पेटी ठेवली, की वजनामुळे गाडीला तिथे माणूस बसल्याचा भास होतो आणि घंटा सुरू. यावर काही जण खोटं बकल खुपसतात. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये अशा क्लिपांची ऑनलाइन विक्री थांबवायला लावली, ते योग्यच झालं. रसिकाचा उपाय वेगळा: पेटीलाच पट्टा लावावा. घंटा थांबते, आणि करकचून ब्रेक लागला तर पेटीही जागची हलत नाही. माणूस ओळखण्यात चुकलेली घंटा धोका ओळखण्यात चुकलेली नसते. मला हे फार आवडतं.

जीएमच्या अनेक ट्रकांत घंटा रेडिओच्या स्पीकरमधून येते. रेडिओ बदलला की तीही मुकी होते, म्हणून जाणता मेकॅनिक घंटा राखणारं मॉड्यूल बसवतो. काही मॉड्यूलांत तिचा आवाज कमीही करता येतो. मुकी करण्यापेक्षा मंद करणं केव्हाही सरस.

पण माझा सर्वांत लाडका आवाज मोठ्या ट्रकचा: हवेच्या ब्रेकचा बझर. त्यात गोडवा नाही, आणि नसावाच. सकाळी इंजिन सुरू केल्यावर टाकीत हवा भरेपर्यंत तो अखंड करकरतो. अमेरिकी ट्रकांत दाब साधारण ६० पीएसआयच्या वर गेला की गप्प होतो. चालत्या गाडीत दाब घसरू लागला, तर त्याच आकड्याच्या आसपास तो पुन्हा बोलतो. स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतात ते त्याहून खाली, २० ते ४५ च्या दरम्यान. मधल्या अंतरात ड्रायव्हरला गाडी कडेला घेण्याची संधी असते, आणि ती या बेसूर आवाजाने मिळवून दिलेली असते.

म्हणूनच चांगला ड्रायव्हर निघण्यापूर्वी त्याला मुद्दाम बोलवतो. चाकांना उटी लावून इंजिन बंद करतो, चावी चालू ठेवतो, ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून हवा काढतो. काटा ६० च्या खाली जाण्याआधी बझर वाजलाच पाहिजे. नाही वाजला, तर दुरुस्तीशिवाय गाडी रस्त्यावर न्यायची नाही.