बालकांचे ज्वरमापन : ‘सरासरी फरक’ या संज्ञेची चिकित्सा

बालकाच्या काखेत आलेल्या आकड्यात एक अंश मिळविला की खरा ताप कळतो, ही समजूत आपल्याकडे घरोघरी आढळते. हा अंश अर्थातच फॅरनहाइटचा. तिला आधार किती, हे पाहण्यासाठी लिव्हरपूल येथील क्रेग व त्यांचे सहकारी यांची दोन समालोचने मुळातून वाचणे अवश्य ठरते. पहिले २००० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले, त्यात काख व गुदमार्ग यांची तुलना आहे. २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या दुसऱ्याचा विषय कानातील अवरक्त तापमापक हा होय.

पहिल्या निबंधानुसार गुदमार्गाचे तापमान काखेपेक्षा नवजात अर्भकांत सरासरी ०.१७ अंश सेल्सिअसने, तर मोठ्या मुलांत ०.९२ अंशाने अधिक भरते. फॅरनहाइटमध्ये पहिला फरक पाव अंशाच्या आसपास, दुसरा दीड अंशाहून जास्त. घरगुती ‘एक अंश’ दोहोंपैकी कोणालाच लागू पडत नाही. त्याहून महत्त्वाचे असे की, मोठ्या मुलांत हा फरक उणे ०.१५ पासून १.९८ पर्यंत पसरलेला आहे. गुदमार्गी ३८ अंश भरणाऱ्या मुलाच्या काखेत ३६ हा आकडा संभवतो आणि ३८ हाही. ‘फरक’ हे नाम स्थिर वस्तूचा भास घडविते. वस्तुतः येथे ते एका विस्ताराच्या मध्यबिंदूचे नाव आहे. कानाच्या बाबतीत सरासरी अवघी ०.२९, पण विस्तार उणे ०.७४ ते १.३२. लहान सरासरीने फसगत अधिकच होते, आणि कान हा गुदमार्गाचा पर्याय नव्हे असे लेखकांनी निःसंदिग्धपणे सांगितले, हा त्यांचा मोठा गुण.

मांडणीत एक उणीव मात्र राहते. गुदमार्गाला प्रमाण मानून वजाबाकी केली की सारा दोष काखेच्या वा कानाच्या माथी जातो. शरीराचे तापमान झपाट्याने चढत वा उतरत असता गुदमार्गाचा आकडा मागे रेंगाळतो. तेव्हा फरकाचा काही वाटा प्रमाणाचाही असणार.

हा वाद केवळ पुस्तकी नव्हे. तीन महिन्यांखालील अर्भकाला ३८ अंश ताप भरला तर त्याची तातडीने तपासणी व्हावी लागते. या वयात अमेरिकी बालरोगतज्ज्ञ गुदमार्ग पसंत करतात; ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची मार्गदर्शिका तो नित्याचा मार्ग म्हणून वर्ज्य ठरविते व चार आठवड्यांखालील अर्भकाच्या काखेत इलेक्ट्रॉनिक तापमापक ठेवावयास सांगते. नवजातांतील विस्तार (उणे ०.१५ ते ०.५०) अरुंद असल्याने हा विरोध दिसतो तेवढा तीव्र नाही, तरी काखेत ३७.६ आलेल्या अर्भकापाशी तो पुन्हा उभा राहतो.

हीच मार्गदर्शिका पालकांना जाणवलेला ताप ग्राह्य धरावा, असेही म्हणते. ‘अंग कढत लागते’ या आईच्या विधानात आकडा नाही, पण निरीक्षण आहे. मात्र त्याचे दोन पक्ष सारख्या तोलाचे नाहीत : तळहाताने दिलेली ‘ताप नाही’ ही ग्वाही ‘ताप आहे’ या ग्वाहीपेक्षा अधिक भरवशाची ठरते.