अन्न घरात, माणूस बाहेर

जाहिरातीची चिकित्सा करायला समीक्षेने वेळ का दवडावा, असे काही मित्र विचारतील. माझे उत्तर साधे आहे. माझ्या वर्गातली पोरे कथा-कादंबऱ्या वाचतात त्यापेक्षा कितीतरी अधिक जाहिराती पाहतात. माणसाकडे कोणत्या नजरेने पाहावे, हे त्यांना तेथे नकळत शिकवले जाते. या शिकवणुकीमागची मूल्यव्यवस्था तपासणे हे समीक्षेचेच काम होय. शिवाय ज्या धंद्याच्या जाहिरातींविषयी मी लिहितो आहे, त्या धंद्यात आज आमचीच पोरे रात्री-अपरात्री दुचाकीवरून राबत आहेत.

जून 2023 मध्ये जागतिक पर्यावरण दिनाच्या निमित्ताने झोमॅटो या घरपोच अन्न पोचविणाऱ्या कंपनीने एक जाहिरात प्रसृत केली. आशुतोष गोवारीकरांच्या 'लगान' (2001) या चित्रपटात 'कचरा' नावाचे अस्पृश्य पात्र आहे. ते रंगविणारे नट आदित्य लाखिया यांनाच या जाहिरातीत उभे केले होते. टाकाऊ प्लास्टिकपासून उपयोगी वस्तू होतात, हे सांगण्यासाठी हा 'कचरा' कधी टेबलावरचा दिवा झाला, तर कधी घरातली आणखी एखादी वस्तू. ओरड झाली. राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाने नोटीस काढली. कंपनीने जाहिरात मागे घेतली आणि कोणाला दुखावण्याचा आपला हेतू नव्हता, असे सांगितले.

हेतू नव्हता, हे मी मान्य करतो. माझा आक्षेप तेथूनच सुरू होतो. एवढ्या शिकलेल्या, जगभर हिंडलेल्या माणसांनी ती जाहिरात लिहिली, पाहिली, पसंत केली. आणि त्यांतल्या एकालाही आपण माणसाची वस्तू करीत आहोत असे वाटले नाही. जातीला हेतूची गरजच नसते. ती सवयीवर जगते.

मुळात 'लगान'मध्येही या पात्राच्या वाट्याला काय आले होते? आरंभी संघातले लोक त्याच्या स्पर्शाला नकार देतात. मग त्याचा अधू हात चेंडूला गिरकी देतो, हे नायकाला दिसते आणि त्याला संघात जागा मिळते. म्हणजे माणूस म्हणून त्याचा स्वीकार होत नाही. हात उपयोगी पडला म्हणून होतो. हात उपयोगाचा नसता तर? हा प्रश्न चित्रपटाने विचारला नाही. बावीस वर्षांनी जाहिरातीने तेच सूत्र पुढे नेले. उपयोग तेवढा ठेवला, माणूस पुसून टाकला.

आता दुसरी घटना पाहू. 19 मार्च 2024 रोजी याच कंपनीचे तेव्हाचे प्रमुख दीपिंदर गोयल यांनी शुद्ध शाकाहारी ग्राहकांसाठी वेगळा ताफा जाहीर केला. त्या पोरांचा वेश आणि पेटी लाल नसून हिरवी राहणार होती. दुसऱ्याच दिवशी हिरवा रंग मागे घेण्यात आला. त्याचे दिलेले कारण माझ्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. लाल वेशातल्या पोरांची सांगड मांसाहाराशी घातली जाईल, काही सोसायट्या त्यांना दारातच अडवतील, त्यांच्या सुरक्षिततेला धोका पोचेल, असे कंपनीने सांगितले. या देशातल्या सोसायट्यांची दारे कशी आहेत, याची याहून स्पष्ट साक्ष कोणती हवी? रंग गेला, पण वेगळा ताफा ठेवण्याची कल्पना त्या दिवशी गेली नाही. तो ओळखू येणार नाही, एवढेच ठरले. दिसणारी विटाळाची रेघ पुसली आणि न दिसणारी ठेवली.

पुण्याला हे नवे नाही. 1890 साली येथल्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य आले आणि प्रायश्चित्ताचा वाद वर्ष-दोन वर्षे गाजला. त्याआधी, 1868 मध्ये, जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. एकाच शहराची ही दोन तोंडे. सप्टेंबर 2017 मध्ये याच पुण्यात एका शास्त्रज्ञ बाईंनी पोलिसांत तक्रार दिली. स्वयंपाकीण बाईने जात लपवून आपले सोवळे मोडले, अशी ती तक्रार होती. पुढे ती मागे घेतली गेली. पण विज्ञान शिकल्याने चूल बदलत नाही, हे त्यातून कळलेच.

मग अॅपने काही बदलले की नाही? हा प्रश्न मी माझ्या एका विद्यार्थ्याला विचारला. तो सकाळी वर्गात बसतो, दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत कोथरूड-कर्वेनगर भागात पार्सले पोचवतो. तो म्हणाला, "सर, याआधी एका खानावळीत काम मागायला गेलो, तर मालकानं आधी आडनाव विचारलं. अॅपनं लायसन मागितलं, गाडी आहे का विचारलं, बँकेचं खातं विचारलं. आडनावावरून कुणी हाकललं नाही." हे उत्तर मी हलके समजत नाही. ज्याच्या बापाला गावच्या हॉटेलात वेगळी कपबशी मिळाली, त्याच्या पोराच्या हातचे पार्सल आज सदाशिव पेठेतल्या घरात जाते, ही गोष्ट लहान नव्हे.

पण तोच पुढे म्हणाला, "पार्सल वर जातं सर, आम्ही मागच्या लिफ्टनं."

या वाक्याने मला गप्प केले. कारण मी राहतो त्या सोसायटीतही तशी पाटी आहे. सामान आणणाऱ्यांनी, पार्सलवाल्यांनी, कामवाल्या बायांनी मागची लिफ्ट वापरावी. हा ठराव झाला तेव्हा मी कमिटीत होतो. घराण्यातला पहिला पदवीधर, त्या इमारतीतला आमच्या समाजातला बहुधा पहिला फ्लॅटधारक. स्वच्छता, सुरक्षितता असे शब्द सभेत वापरले गेले. जातीचा शब्द कोणीच उच्चारला नाही, म्हणून मीही उच्चारला नाही. मी सही केली. ज्या नजरेने ती जाहिरात पसंत झाली, तीच नजर त्या सभेत माझ्याही डोळ्यांत होती. पांढरपेशा झालेल्या दलितावर आपल्या साहित्याने पुष्कळ कोरडे ओढले आहेत. ते आपल्या पाठीवर उमटलेले पाहणे वेगळे.

आता शब्दांकडे वळू. कारण लिफ्टची पाटी लिहिणाऱ्या हातानेच या पोरांचे नावही लिहिले आहे. कंपन्या त्यांना 'डिलिव्हरी पार्टनर' म्हणतात. पार्टनर म्हणजे भागीदार. भागीदाराला नफ्यात वाटा असतो, हिशेब पाहण्याचा अधिकार असतो. येथे दर कंपनी ठरवते, आयडी कंपनी बंद करते. पेट्रोल आणि गाडीची दुरुस्ती मात्र पोराची. कायद्यानेही त्यांना सरळ कामगार म्हटलेले नाही. 2020 च्या आणि नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'गिग कामगारा'ची व्याख्या आहे. मालक आणि कामगार यांच्या परंपरागत नात्याच्या बाहेर राहून काम करतो तो, असा तिचा आशय. हे 'बाहेर' आम्हांला ओळखीचे आहे. गावाची कामे करायची आणि राहायचे गावकुसाबाहेर! कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी, अशी तरतूद त्या संहितेत आहे. तिचे स्वागत केले पाहिजे. परंतु किमान वेतनाचा हक्क तिच्यातून मिळत नाही.

मालक एक नाही, कामाची जागा एक नाही, मग नाते कोणाशी लावायचे, असा युक्तिवाद केला जातो. पुण्याने तरी तो ऐकून घेऊ नये. माझे वडील मार्केट यार्डात हमाल होते. त्यांनाही एक मालक नव्हता. आज या गाळ्यावर, उद्या त्या. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीसारख्या संघटनांनी लढून दाखवले, 1969 चा माथाडी कायदा झाला आणि मंडळे उभी राहिली. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने हमालाला पगार, भविष्यनिर्वाह निधी, औषधपाणी द्यायचे. मालक अनेक असले तरी जबाबदारी ठरवता येते, हे कायद्याने सिद्ध केले. त्याच हमालांनी 1974 मध्ये 'कष्टाची भाकर' सुरू केली. तेथे अन्न वाढणारा हात आणि खाणारा हात एकाच वर्गाचे होते; कोणाला मागच्या दाराने यावे लागत नव्हते. मंडळाचे कार्ड वडील पेटीत जपून ठेवीत. माझी फी त्या कार्डाच्या जोरावर भरली गेली. माझ्या विद्यार्थ्याजवळ मोबाइलवरचा आयडी आहे. तो एका तक्रारीत बंद होतो.

जाती ही केवळ श्रमांची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 मध्येच दाखवून दिले. लाल आणि हिरवा, पुढची लिफ्ट आणि मागची, कामगार आणि पार्टनर या त्याच विभागणीच्या आजच्या खुणा आहेत. आपल्या समीक्षेने त्या वाचायला शिकले पाहिजे. आणि आपल्या संघटनांनी या पोरांसाठी माथाडीसारख्या मंडळाची मागणी लावून धरली पाहिजे. नुसत्या जाहिरातीवर रागावून भागणार नाही.

येत्या वार्षिक सभेत ती पाटी काढण्याचा ठराव मी मांडणार आहे. तो फेटाळला जाईल, याची मला जवळजवळ खात्री आहे. पण इतिवृत्ताच्या वहीत त्याची नोंद राहील, आणि त्या जुन्या सहीनंतर माझी दुसरी एक सही त्याच वहीत असेल.