हात : कर्मेंद्रिय की ज्ञानेंद्रिय? मेंदूच्या पक्षाघाताच्या व्याख्या आणि ‘माय लेफ्ट फूट’

प्रास्ताविक :
सांख्य परंपरेने हाताची गणना कर्मेंद्रियांत आणि त्वचेची ज्ञानेंद्रियांत केली आहे. ही विभागणी सोयीची असली तरी प्रत्यक्ष हाताला ती पुरत नाही. खिशातले नाणे न पाहता ओळखणारा हात कर्म आणि ज्ञान एकाच वेळी साधत असतो. मेंदूचा पक्षाघात, म्हणजेच सेरेब्रल पाल्सी, असलेल्या मुलांच्या हाताविषयीच्या विचारात मात्र हात बहुतांशी कर्मेंद्रियच राहिला आहे. या दृष्टीची मर्यादा वैद्यकीय व्याख्या, एक आत्मचरित्र आणि आपला कायदा यांच्या आधारे तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

व्याख्यांचा प्रवास :
१९५४ साली टिझार्ड, पेन व क्रॉदर्स यांनी शरीराची एक बाजू बाधित असलेल्या मुलांमधील संवेदनदोषांवर निबंध प्रसिद्ध केला. अशा मुलांचा बाधित हात केवळ दुबळा नसतो. डोळे मिटून वस्तू ओळखणे, जवळजवळचे दोन स्पर्श वेगळे जाणणे हेही त्यांतील अनेकांना कठीण जाते. तथापि बॅक्स यांच्या १९६४ च्या व्याख्येत हालचाल व शरीरस्थिती यांतील बिघाडाचाच उल्लेख राहिला. संवेदन व आकलन यांतील दोषांना २००७ च्या सुधारित व्याख्येत स्थान मिळाले. तेही मुख्य बिघाडासोबत अनेकदा आढळणाऱ्या बाबी म्हणून.

दरम्यान २००६ मध्ये एलियासन व सहकाऱ्यांची हस्तक्षमतेची पंचस्तरीय श्रेणी, ‘मॅक्स’, प्रसिद्ध झाली. मूल परीक्षकासमोर जास्तीत जास्त काय करू शकते यापेक्षा दैनंदिन जीवनात ते वस्तू कशा हाताळते, याकडे तिने लक्ष वेधले. हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु वस्तू हातातून का निसटते, याचे उत्तर ही श्रेणी देत नाही. तो तिचा उद्देशही नाही. विशेष म्हणजे स्पर्शाच्या आधारे बोटांचा जोर कसा बेतला जातो, याचा अभ्यास याच एलियासन यांनी गॉर्डन व फोर्सबर्ग यांच्यासह १९९० च्या दशकात केला होता. अर्थात ज्ञान उपलब्ध होते. आक्षेप श्रेणीवर नाही. श्रेणीचा आकडा म्हणजेच संपूर्ण हात, असे मानणाऱ्या वापरावर आहे.

‘माय लेफ्ट फूट’चे वाचन :
टिझार्ड प्रभृतींचा निबंध आणि डब्लिनच्या क्रिस्टी ब्राउन यांचे हे आत्मचरित्र एकाच वर्षीचे, हा योगायोग लक्षणीय आहे. ब्राउन यांचा विकार त्या निबंधातील मुलांपेक्षा वेगळा होता. म्हणून त्यांच्या हातांच्या स्पर्शज्ञानाविषयी निष्कर्ष काढणे अयोग्य ठरेल. तरीही अवयवाकडे कसे पाहावे, हा प्रश्न हे पुस्तक समर्थपणे उभा करते. हालचाल नाही म्हणून बुद्धीही नाही, असा निर्वाळा डॉक्टरांनी दिला होता. आईने तो मानला नाही. पाचव्या वर्षी डाव्या पायाच्या बोटांत धरलेल्या खडूने मुलाने पहिले अक्षर गिरवले.

या पुस्तकाचे वाचन बहुधा जिद्दीची कथा म्हणून होते. त्यामुळे त्यातील खरा संघर्ष झाकला जातो. उपचार सुरू करताना आयरीन कॉलिस यांनी डाव्या पायाचा वापर सोडण्याची अट घातली. उरलेल्या शरीराला गती यावी, हा त्यामागील तर्क चुकीचा म्हणता येणार नाही. मात्र ब्राउन यांच्यासाठी पाय हा हाताला पर्याय असलेले केवळ अवजार नव्हता. जगाला भिडण्याचा तोच एक मार्ग होता. आत्मचरित्र भावाला सांगून लिहवून घेताना शब्द मनासारखे उतरेनात, तेव्हा त्यांनी बूट काढून पुन्हा पायातच पेन्सिल धरली. उपचाराने अवयवाची कृती पाहिली. लेखकाला त्या अवयवातून मिळणारे जगाचे भान हवे होते.

कायदा आणि वर्ग :
भारताच्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मेंदूच्या पक्षाघाताची व्याख्या शरीराच्या हालचाली व स्नायूंचा समन्वय यांच्या आधारेच केली आहे. २००७ च्या व्याख्येतील संवेदनाचा उल्लेख तिच्यात उतरला नाही. याचा परिणाम महाविद्यालयापर्यंत पोहोचतो. लेखनिक व वाढीव वेळ दिला की आपले कर्तव्य संपले, असे आपण मानतो. स्पर्शज्ञान क्षीण असलेल्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेत परीक्षानळी धरताना हातावर सतत नजर ठेवावी लागते. त्याच वेळी फळ्याकडे पाहण्याची सूचना झाली, तर पकड सैल होते. आपण त्याला निष्काळजीपणा म्हणतो आणि गुण कापतो.

समारोप :
हालचाल डोळ्यांना दिसते व मोजता येते. स्पर्श ज्याचा त्यालाच कळतो. म्हणूनच व्याख्यांनी हालचाल आधी टिपली. परंतु न दिसणारे ते नाहीच, असे मानणे शास्त्रालाही मान्य नाही आणि अध्यापनालाही परवडणारे नाही. विद्यार्थ्याच्या हाताने काय केले याची नोंद घेताना त्या हाताला काय जाणवले, हेही त्याला विचारले पाहिजे. त्यासाठी कायद्यातील दुरुस्तीची वाट पाहण्याचे कारण नाही.