मधुमेहाच्या सूचनापत्रकांतील ‘उपाशीपोटी’

मधुमेहाच्या गोळ्यांविषयीच्या मराठी सूचनापत्रकांत ‘गोळी उपाशीपोटी घ्यावी’ असे वाक्य आढळते. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे, अर्थदृष्ट्या धोक्याचे. लेखकास अभिप्रेत असते ‘न्याहारीच्या अगोदर’. न्याहारी पुढे व्हावयाचीच, हे त्याने गृहीत धरलेले असते. ‘उपाशी’ ह्या शब्दात ते गृहीत कोठेच नाही. हा शब्द ‘उपवासी’चाच वंशज, तेव्हा चतुर्थीला दिवसभर निराहार राहणाऱ्या बाईंना आपण सूचना तंतोतंत पाळली असेच वाटणार. ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन स्रवावयास लावते. पोटात अन्न आले नाही म्हणून ती थांबत नाही. मग घाम, थरथर, प्रसंगी शुद्ध हरपणे. मेटफॉर्मिनचे तसे नाही. ती मुख्यतः यकृतातील साखरेची निर्मिती कमी करते, एकटी घेतल्यास साखर सहसा धोक्याइतकी उतरवीत नाही, आणि पोट बिघडू नये म्हणून जेवणासोबत सांगितली जाते. दोहोंना एकच सूचना लावणाऱ्या पत्रकाचा दोष केवळ शैलीचा नव्हे.

‘गोड वर्ज्य’ हीही सूचना अपुरीच. साबुदाण्याची खिचडी गोड नसते. तिच्यातील पिष्टाची मात्र साखरच होते. ‘पथ्य’ हा जुना शब्द अधिक समर्थ होता. पाणिनीच्या सूत्रानुसार जे मार्गापासून ढळत नाही ते पथ्य. त्यात आहाराबरोबर रोजचे चालणेही सहज सामावते. पत्रककारांनी तो निषेधांच्या यादीपुरता आकसून टाकला आहे.

ग्लिमेपिराइडपुरते तरी वाक्य असे हवे: ‘गोळी घेऊन लगेच न्याहारी करावी, उपास असल्यास गोळीविषयी डॉक्टरांना आधी विचारावे.’