दहा कंठ आणि एक गिटार : टोनी आयोमी यांच्या ‘आयोमी’ (२०००) या अल्बमचा विचार

ज्या वादकाच्या नावावर एका संपूर्ण संगीतप्रकाराचे जनकत्व जमा आहे, त्याला स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम रसिकांपुढे ठेवण्यासाठी वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत थांबावे लागले. टोनी आयोमी हे ‘ब्लॅक सॅबाथ’ या इंग्रजी वाद्यवृंदाचे गिटारवादक. हा वृंद १९६८ मध्ये बर्मिंगहॅम येथे स्थापन झाला आणि त्याच्या १९७० मधील पहिल्या अल्बमपासून ‘हेवी मेटल’ या संगीतप्रकाराचा आरंभ मानण्याची प्रथा आहे. ‘आयोमी’ हा अल्बम ऑक्टोबर २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दहा गीते आहेत आणि ती दहा वेगवेगळ्या गायकांनी गायिली आहेत. शीर्षक मात्र एकाच व्यक्तीचे आडनाव आहे. संगीत नेमके कोणाचे, हा प्रश्न या शीर्षकापासूनच उपस्थित होतो आणि प्रस्तुत लेखात मुख्यतः त्याच प्रश्नाचा विचार केला आहे.

या प्रश्नाला इतिहास आहे. ‘ब्लॅक सॅबाथ’चे पहिले गायक ऑझी ऑस्बोर्न १९७९ मध्ये वृंदाबाहेर गेले. त्यानंतर रॉनी जेम्स डिओ, इयन गिलन, ग्लेन ह्यूज, रे गिलन, टोनी मार्टिन असे गायक येत-जात राहिले. डिओ मध्यंतरी परतले आणि पुन्हा गेले. १९९७ मध्ये ऑस्बोर्न परत आले. या सर्व स्थित्यंतरांत अखेरपर्यंत टिकून राहिलेले एकमेव नाव आयोमी यांचे आहे. गायक हा बदलता घटक आणि गिटार हा स्थिर घटक, अशी या वृंदाची रचना परिस्थितीनेच घडविली होती. गायक हा कोणत्याही लोकप्रिय वृंदाचा चेहरा असतो; येथे चेहरा बदलत राहिला आणि ओळख मात्र गिटारच्या नादात शिल्लक राहिली.

अनेक गायकांना एकत्र आणण्याची कल्पनाही २००० सालची नव्हती. ‘सेव्हन्थ स्टार’ (१९८६) हा अल्बम मुळात आयोमी यांचा वैयक्तिक अल्बम म्हणून योजला गेला होता आणि त्यात निरनिराळ्या गायकांनी गावे, असा बेत होता. हे गायक वेगवेगळ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांशी करारबद्ध असल्यामुळे तो बेत बारगळला. अखेर सर्व गीते ग्लेन ह्यूज यांनी गायिली, आणि कंपनी व व्यवस्थापक यांच्या आग्रहाखातर मुखपृष्ठावर वैयक्तिक नावाऐवजी ‘ब्लॅक सॅबाथ’ हे नाव ‘टोनी आयोमी यांच्यासह’ अशा अर्थाच्या पुस्तीसह छापले गेले. ज्या वृंदाची ओळख आपल्या वादनात आहे, त्याच वृंदाच्या नावाखाली स्वतःचे नाव पुस्तीदाखल यावे, यातील विसंगती उघड आहे. कार्लोस सांताना यांच्या ‘सुपरनॅचरल’ (१९९९) या पाहुण्या गायकांच्या अल्बमने २००० च्या ग्रॅमी सोहळ्यात पुरस्कारांची लयलूट केली. त्यामुळे ‘आयोमी’कडे त्या यशाची नक्कल म्हणून पाहण्याचा मोह होतो. १९८६ चा हा प्रसंग लक्षात घेता ते अन्यायाचे ठरेल. व्यापारी हवा अनुकूल झाली असेल. इच्छा मात्र किमान चौदा वर्षांची जुनी होती.

अल्बमच्या गुणदोषांकडे वळण्यापूर्वी आयोमी यांच्या वादनाचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे, कारण गायकाला नेमकी किती आणि कोणती जागा मिळते हे त्यावरच ठरते. आयोमी डावखुरे असल्याने तारा दाबण्याचे काम त्यांच्या उजव्या हाताकडे आहे. सतरा वर्षांचे असताना बर्मिंगहॅममधील पत्र्याच्या कारखान्यात, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, त्या हाताच्या मधल्या बोटाचे आणि अनामिकेचे शेंडे यंत्राखाली तुटले. कारखान्यातील मुकादमाने त्यांना जँगो राइनहार्ट यांची ध्वनिमुद्रिका ऐकविली. आगीत दोन बोटे निकामी झालेला हा वादक उरलेल्या बोटांवर जगप्रसिद्ध झाला होता. आयोमी यांनी प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे केली, त्यांवर कातडे चढविले, हलक्या तारा वापरल्या. पुढे १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’पासून काही गीतांत त्यांनी गिटार नेहमीपेक्षा तीन श्रुतिपट्ट्या, म्हणजे पेटीच्या तीन पट्ट्या, खाली उतरवून जुळविली. तारा सैल झाल्या, बोटांवरचा ताण कमी झाला आणि नाद खर्जात उतरला. हेवी मेटलचा सुप्रसिद्ध जडपणा हा अंशतः तरी एका अपघातावर केलेल्या उपायाचा परिणाम आहे.

या वादनाचे एकक म्हणजे ‘रिफ’, अर्थात खालच्या तारांवर वाजविलेला आणि पुनःपुन्हा येणारा छोटा स्वरसमूह. आपल्याकडील परिभाषेत सांगायचे तर त्याचा पाया षड्ज आणि पंचम या दोनच स्वरांच्या एकत्रित उच्चाराचा असतो. ध्वनी मुद्दाम विकृत केल्यामुळे त्यात इतके उपस्वर मिसळतात की गांधार घातल्यास नाद गढूळ होतो. म्हणून गांधार बहुधा वगळला जातो. परिणामी रिफ शुद्ध गांधाराची की कोमल गांधाराची, प्रसन्न की खिन्न, हे गिटार पुष्कळदा सांगतच नाही. ते गायकाच्या स्वरावर सोडलेले असते. आयोमी यांच्या संगीतात गायक बदलता येतो आणि तरीही गायक गौण नसतो, याचे मूळ येथे आहे. पायाचे दोन स्वर स्थिर असतात. त्यांचा भाव ठरविणारा तिसरा स्वर कंठातून यावा लागतो.

‘आयोमी’मधील गीतांच्या निर्मितीत ही विभागणी स्पष्ट दिसते. निर्माते बॉब मार्लेट यांच्यासह संगीताचा सांगाडा तयार झाला आणि त्यावर गायकांनी आपापले शब्द व चाल बसविली. बहुतेक गीतांच्या श्रेयनामावलीत आयोमी आणि मार्लेट यांच्या जोडीला त्या त्या गायकाचे नाव आहे. एकाच घरातील दहा खोल्या दहा भाडेकरूंनी आपल्या आवडीने लावाव्यात, तसा हा प्रकार आहे. घरमालकाच्या नावाची पाटी दारावर असली, तरी काही खोल्यांत शिरताच मालकाचा विसर पडतो.

पाहुण्यांची निवड अर्थपूर्ण आहे. त्यांतील बरेच जण ‘ब्लॅक सॅबाथ’च्या संगीतावर वाढलेल्या पिढीतले आहेत. फिल अँसेल्मो यांच्या ‘पँटेरा’ने आणि पीटर स्टील यांच्या ‘टाइप ओ निगेटिव्ह’ने या वृंदाची गीते स्वतः ध्वनिमुद्रित केली होती, सर्ज टांकियान यांच्या ‘सिस्टम ऑफ अ डाउन’नेही २००० मध्ये तसे केले होते. शिष्यांनी गुरूच्या घरी येऊन गुरूच्या नव्या रचनांना कंठ द्यावा, असा हा योग आहे. शिष्यत्वाचे दडपण मात्र सर्वांनी सारखे पेललेले नाही.

आरंभीचे ‘लाफिंग मॅन’ हेन्‍री रोलिन्स यांनी आणि चौथे ‘टाइम इज माइन’ अँसेल्मो यांनी गायिले आहे. दोघांचेही गायन खरखरीत आणि आक्रमक, ओरडण्याच्या सीमेवरचे. अल्बमच्या प्रकृतीशी ते सर्वाधिक जुळणारे वाटते आणि दोष नेमका तेथेच आहे. विकृत केलेल्या गिटारचा नाद मध्यसप्तकाच्या परिसरात उपस्वरांची दाटी करतो. ओरडणारा पुरुषी आवाजही त्याच परिसरात तीच दाटी करतो. श्रोत्याच्या कानाला दोन वाद्यांऐवजी एकच जाड पट्टा ऐकू येतो. जोर वाढतो आणि खोली उणावते. गांधाराची रिकामी जागा रिकामीच राहते, कारण ओरडण्याला निश्चित स्वर नसतो. या दोन गीतांतील रिफ अस्सल आयोमी आहेत. गीते म्हणून ती तितकी लक्षात राहत नाहीत.

याउलट ‘गुडबाय लॅमेंट’ हे डेव्ह ग्रोल यांचे गीत. ग्रोल हे ‘निर्वाणा’चे ड्रमवादक आणि ‘फू फायटर्स’चे प्रवर्तक. येथे त्यांनी कडव्यांतून संयत, जवळजवळ कुजबुजता सूर लावला आहे आणि गिटारचा पूर्ण भार ध्रुवपदासाठी राखून ठेवला आहे. त्यामुळे ध्रुवपदाचा आघात दुप्पट होतो. टांकियान यांच्या ‘पॅटर्न्स’मध्येही आवाज गिटारशी स्पर्धा करीत नाही, स्वच्छ, कंपयुक्त, काहीसा नाट्यमय सूर रिफच्या वरून स्वतंत्र रेषेने जातो. रिफला अनुसरण्याऐवजी तिच्या शेजारून चालण्याचे भान या दोघांना आहे.

‘स्किन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, ‘स्कंक अनान्सी’ या वृंदाच्या गायिकेचे ‘मीट’ हे गीत विशेष नोंद घेण्याजोगे आहे. दहा पाहुण्यांत स्त्री एकच. ‘ब्लॅक सॅबाथ’च्या गायकांच्या लांबलचक यादीत एकही स्त्री नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे या निवडीचे महत्त्व कळते. आयोमी यांच्या खर्जातील रिफ आणि स्त्रीकंठ यांच्यातील अंतर ऐकताना जो मोकळा अवकाश जाणवतो, तो अल्बममध्ये अन्यत्र क्वचितच मिळतो. हा प्रयोग एकाच गीतावर थांबविला गेला, ही या अल्बमची सर्वांत मोठी हुकलेली संधी म्हणावी लागेल.

दुसऱ्या टोकाला पीटर स्टील यांचे ‘जस्ट से नो टू लव्ह’ आहे. स्टील यांचा आवाज अतिशय खोल, खर्जातला. आवाज आणि गिटार यांची सप्तके भिन्न असावीत हा नियम मानला, तर हे गीत फसायला हवे होते. ते फसत नाही, कारण स्टील ओरडत नाहीत. त्यांचा घुमारेदार स्वर निश्चित आणि स्थिर आहे. तो गिटारच्या खालून आधार दिल्यासारखा येतो आणि दोन अंधार एकमेकांवर पसरावेत तसा परिणाम साधतो. १४ एप्रिल २०१० रोजी स्टील यांचे निधन झाले. आयोमी आणि ते यांच्या मीलनाची ही एक खूण मागे राहिली.

बिली कॉर्गन यांचे ‘ब्लॅक ऑब्लिव्हियन’ हे आठ मिनिटांहून दीर्घ गीत सर्वांत महत्त्वाकांक्षी आहे. लय आणि रिफ बदलत जाणारी ही रचना ‘ब्लॅक सॅबाथ’च्या १९७० च्या दशकातील बहुखंडी गीतांची आठवण करून देते. कॉर्गन यांचा सानुनासिक, उंच आवाज ऑस्बोर्न यांच्या आवाजाला नात्याने जवळचा आहे आणि बहुधा म्हणूनच येथे शिष्य गुरूच्या घरात सर्वाधिक सहजतेने वावरतो. इयन ॲस्टबरी यांचे ‘फ्लेम ऑन’ आणि शेवटचे, बिली आयडॉल यांचे ‘इनटू द नाइट’ ही गीते नीटनेटकी आहेत. त्यांविषयी अधिक लिहिण्याची गरज वाटत नाही. दोन गीतांत ‘क्वीन’चे ब्रायन मे गिटारवर साथीला आहेत, ही साथ मैत्रीची आहे, चढाओढीची नाही.

‘हूज फूलिंग हू’ या गीताचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. येथे गायक ऑझी ऑस्बोर्न आणि ड्रमवर बिल वॉर्ड आहेत; म्हणजे ‘ब्लॅक सॅबाथ’च्या चार संस्थापकांपैकी तिघे. ऑस्बोर्न यांची जुनी रीत अशी की आवाजाने रिफचीच चाल उचलावी. ‘आयर्न मॅन’ (१९७०) हे तिचे ठळक उदाहरण. सिद्धान्ततः ही रीत सर्वांत दुबळी ठरायला हवी, कारण तीत गायक स्वतःचे काहीच जोडत नाही. प्रत्यक्षात तो उंच, पातळ, भेदरलेला आवाज खर्जातील तीच चाल घेऊन येतो, तेव्हा महाकाय वस्तूपुढे उभ्या असलेल्या लहान माणसाचा भास होतो. भयाचा हा भाव गिटार एकटी निर्माण करू शकत नाही. ‘ब्लॅक सॅबाथ’ या नावाच्या १९७० मधील गीतात षड्ज, तार षड्ज आणि तीव्र मध्यम एवढ्याच स्वरांवर उभारलेली रिफ भयप्रद आहे हे खरे; परंतु त्या भयाला बळी पडणारा माणूस ऑस्बोर्न यांच्या कंठातून येतो. ‘हूज फूलिंग हू’ ऐकताना या जुन्या नात्याची खात्री पटते आणि त्याच वेळी अल्बमची मूळ भूमिका डळमळते. गायक बदलता येतो, हे दाखविण्यासाठी योजलेल्या अल्बममध्ये पहिला गायक येताच इतर सर्व पाहुणे पाहुणेच ठरतात. वृंदाच्या ‘१३’ (२०१३) या शेवटच्या अल्बममध्ये वॉर्ड नव्हते, त्यामुळे या गीताचे दस्तऐवजी मूल्यही वाढले आहे. चौघे संस्थापक पुन्हा एकत्र वाजले ते ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर. त्यानंतर अवघ्या सतरा दिवसांनी ऑस्बोर्न यांचे निधन झाले.

या अल्बमशी जुळणारा एक धागा येथे नोंदविणे योग्य ठरेल. पाहुणे म्हणून आलेले ग्रोल २००४ मध्ये ‘प्रोबॉट’ या अल्बमचे यजमान झाले. त्यांनी बहुतेक वाद्ये स्वतः वाजविली आणि गीतांसाठी आपल्या तरुणपणीचे मेटल गायक निमंत्रित केले. तेथे प्रत्येक रचना त्या त्या गायकाच्या जुन्या वृंदाची शैली मनात धरून बांधलेली आहे. यजमान पाहुण्याच्या घरी राहायला जातो. आयोमी यांच्या अल्बममध्ये रिफ कोणासाठीही वाकत नाही. ‘प्रोबॉट’ अधिक एकजीव वाटतो, ‘आयोमी’ अधिक ठाम.

आयोमी यांनी अनेक पाहुण्या गायकांचा असा दुसरा अल्बम काढला नाही. ‘फ्यूज्ड’ हा अल्बम २००५ मध्ये आला. निर्माते पुन्हा बॉब मार्लेट होते. गायक मात्र आता एकच होता, आणि तो होता ग्लेन ह्यूज : १९८६ मध्ये अनेकांच्या ऐवजी ज्याला एकट्याने सारी गीते गावी लागली होती, तोच.