‘कोणी केले?’ हा अर्धाच प्रश्न

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात एक फाटके इंग्रजी पुस्तक हातोहात फिरत होते. रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून कोणीतरी ते आणलेले. पदवीच्या वर्गातील एका मुलीने ते माझ्यापुढे ठेवले आणि विचारले, “मॅडम, असले वाचण्यात वेळ घालवला तर चूक आहे का?” मुलगी शेतमजुराची. घरात इंग्रजी वाचणारी पहिलीच. मीही तशीच. म्हणून ‘हे पलायनवादी वाङ्मय आहे’ असे छापील उत्तर तिला देणे मला जमले नाही. पुस्तक घरी नेले आणि रात्री दोनपर्यंत वाचत बसले, हे आधीच कबूल केलेले बरे.

ते पुस्तक म्हणजे सारा शेपर्ड या अमेरिकन लेखिकेच्या ‘प्रिटी लिटल लायर्स’ मालिकेतील पहिली कादंबरी. ती २००६ साली प्रसिद्ध झाली. २०१४ पर्यंत मालिकेचे सोळा भाग निघाले. तिच्यावरची दूरचित्रवाणी मालिका २०१० ते २०१७ अशी सात वर्षे चालली. कथा रोझवूड या कल्पित उपनगरात घडते. फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला जुन्या रेल्वेमार्गाच्या कडेने वसलेली, पिढीजात श्रीमंतीची जी खरी उपनगरे आहेत, त्यांच्यापैकीच हे एक, असे लेखिकेने दाखवले आहे. तेथील खाजगी शाळेत पाच मैत्रिणी शिकतात. सातवीचे वर्ष संपताना त्यांची म्होरकी ॲलिसन नाहीशी होते. तीन वर्षांनी उरलेल्या चौघींना ‘ए’ या एकाच अक्षराच्या सहीने निरोप येऊ लागतात. फक्त ॲलिसनला ठाऊक असलेली गुपितेही या ‘ए’ला ठाऊक असतात. पहिल्या भागाच्या अखेरीस ॲलिसनच्या जुन्या घरामागे खोदकाम होते आणि प्रेत सापडते.

लेखिकेला कसब नाही असे कोणी म्हणू नये. श्रीमंत घरांच्या पडद्यामागचा कुजकेपणा ती लपवत नाही. मुलींवर ‘चांगले दिसण्या’चे जे ओझे असते ते तिला नेमके कळते. माझ्या विद्यार्थिनींना हे पुस्तक धरून ठेवते ते यामुळेच. बदनामीची भीती अमेरिकेतल्या मुलीला आणि आमच्या वसतिगृहातल्या मुलीला सारखीच ओळखीची आहे.

परंतु गुन्हा आणि शिक्षा यांचा हिशोब मांडू लागलो की चित्र बदलते. हॅना मारिन दागिन्यांच्या दुकानात चोरी करते. तिची आई पोलिसाशी शरीरसंबंध ठेवून प्रकरण मिटवते. स्पेन्सर हेस्टिंग्ज बहिणीचा जुना निबंध स्वतःचा म्हणून देते आणि तो मोठ्या पारितोषिकासाठी निवडला जातो. आरक्षणाचे नाव निघताच ‘गुणवत्ता, गुणवत्ता’ म्हणून गळा काढणाऱ्यांनी हा प्रसंग अवश्य वाचावा. गुणवत्तेची चोरी कोणत्या घरात होते आणि पकडली जाईपर्यंत तिला काय म्हणतात, हे शेपर्डने नकळत लिहून ठेवले आहे. फटाक्याच्या खोडीत शेजारची मुलगी आंधळी होते. आळ दुसऱ्यावर जातो आणि मैत्रिणी गप्प राहतात. म्हणजे या घरांत गुन्हा हा ‘गुपित’ होऊ शकतो. गुपित ठेवायला बंद दार लागते, ओळखीचा पोलीस लागतो, पैसा लागतो. आणि ते प्रेत? ते सापडते खोदकाम करणाऱ्या मजुरांना. त्या मजुरांना कादंबरीत ना नाव आहे ना चेहरा. सत्य ज्यांच्या फावड्याला लागते त्यांना कोणी काही विचारत नाही.

येथे मला माझी शाळा आठवते. गावातल्या बऱ्या मानल्या जाणाऱ्या एका शाळेत मी शिकत होते. माझी आई तेथेच झाडलोट करीत असे. आठवीत असताना एका मुलीची नवी कंपासपेटी हरवली. बाईंनी पहिल्यांदा माझे दप्तर बाकावर उपडे केले. पेटी निघाली नाही. ती मिळाली दुसऱ्या दिवशी, त्या मुलीच्याच घरी. बाई मला काहीच बोलल्या नाहीत. त्या वाईट नव्हत्या. माझ्या निबंधांचे कौतुक त्याच करीत. पण ‘कोणी केले?’ हा प्रश्न विचारण्याआधीच त्याचे उत्तर त्यांच्या हाताला माहीत होते. हॅनाने चोरी केली आणि ती चोर ठरली नाही. मी चोरी केली नाही, तरी त्या दिवशी सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. रहस्यकथेचा सारा खेळ असा की संशय सर्वांवर सारखा फिरतो. आपल्या समाजात संशय कधीच सारखा फिरत नाही.

बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेतही एक गुपित आहे. पण त्या तरुणाच्या हातून गुन्हा झालेला नाही. परक्या गावी नोकरीला जाऊन त्याने फक्त आपला जन्म सांगितलेला नाही. गुपित फुटते आणि त्याला मार खावा लागतो. रोझवूडमध्ये माणूस आपले कृत्य लपवतो. बागुलांच्या जगात माणसाला स्वतःलाच लपवावे लागते. ही दोन गुपिते एका तराजूत घालता येत नाहीत.

आणखी एक गोष्ट सांगताना हात अडखळतो, पण सांगितली पाहिजे. ज्या वर्षी ही कादंबरी निघाली त्याच वर्षी, २९ सप्टेंबर २००६ रोजी, भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत सुरेखा भोतमांगे आणि त्यांची मुले प्रियंका, रोशन व सुधीर यांची हत्या झाली. प्रियंका बारावीत शिकत होती. ही तुलना कोणाला ओढूनताणून केलेली वाटेल. माझा मुद्दा एवढाच की तेथे रहस्य नव्हते. सारे घडले ते गावाच्या डोळ्यांदेखत. २००८ साली न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, परंतु अॅट्रॉसिटी कायदा लावला नाही. २०१० साली उच्च न्यायालयाने फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या आणि जातीचे कारण तेथेही मान्य झाले नाही. ‘कोणी केले?’ याचे उत्तर मिळाले. ‘का केले?’ याचे उत्तर नाकारले गेले. आपल्याकडे लपवले जाते ते खुन्याचे नाव नव्हे, खुनाचे कारण लपवले जाते.

मग या वाङ्मयप्रकाराला नुसता नकार द्यावा काय? मला तसे वाटत नाही. लंडनमध्ये वाढलेल्या, नायजेरियन वंशाच्या फरिदा आबिके-इयिमिदे हिची ‘एस ऑफ स्पेड्स’ ही कादंबरी २०२१ साली आली. साधने तीच: श्रीमंतांची खाजगी शाळा, निनावी निरोप, फुटणारी गुपिते. पण येथे निशाणा आहे तो शाळेतल्या दोनच कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवर. डेव्हन गरीब वस्तीतला, शिष्यवृत्तीवर शिकणारा. चियामाका पैसेवाल्या घरची, शाळेत मिरवणारी. पैसा तिला वाचवत नाही. निरोप कोण पाठवतो, याचे उत्तर येथे एका माणसाचे नाव नाही. उत्तर आहे: शाळा. दर दहा वर्षांनी दोन कृष्णवर्णीय मुलांना आत घ्यायचे, वर चढू द्यायचे आणि मग उद्ध्वस्त करायचे, असा तिचा शिरस्ताच असतो.

ही झेप मोठी आहे. पण येथेही मला एक उणीव जाणवते. व्यवस्थेचे क्रौर्य दाखवण्यासाठी लेखिकेला गुप्त कट रचावा लागला. वाचक पुस्तक मिटून म्हणू शकतो, ‘आमच्या शाळेत असला कट नाही.’ माझ्या बाईंच्या मनात कसला कट होता? कसलाच नाही. व्यवस्थेला कट लागत नाही. तिला सवय पुरते. आणि सवयीचे रहस्य उलगडून दाखवणारी रहस्यकथा मी तरी अजून वाचलेली नाही.

ती आपल्याकडून का लिहिली जाऊ नये? आपल्या साहित्याने आत्मकथन दिले, कविता दिली. रहस्यकथा मात्र आपण करमणुकीची म्हणून इतरांकडे सोडून दिली. वास्तविक पुरावा, साक्ष, जबानी, पंचनामा हे शब्द आपल्या वस्त्यांना जितके जवळून माहीत आहेत तितके रोझवूडला कधी माहीत होणार?

पुस्तक परत करताना मी त्या मुलीला म्हटले, “वाच. पण प्रत्येक पानावर एक प्रश्न विचार: या गावात भांडी कोण घासते, खड्डा कोण खणते, आणि संशय आधी कोणावर जातो?” महिन्याभराने तिने मला चार पाने लिहून आणून दिली. वसतिगृहातली चोरी, पैशाचे पाकीट नाहीसे झालेले. भाषा कच्ची होती, शेवट जमला नव्हता. पण चोर कोण, हे तिने लिहिलेच नव्हते. पहिल्या ओळीपासून ती एकाच गोष्टीचा शोध घेत होती: सगळ्यांच्या पेट्या असताना आधी कोणाची पेटी उघडली गेली, आणि ती उघडायला कोणी सांगितले.

ती पाने मी तिला परत दिली आणि शेवट पुन्हा लिहायला सांगितला आहे.