‘हेमाडपंती’ या नांवाची चिकित्सा

बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यांतील उंद्रीपासून लोणारच्या सरोवरापर्यंत जुन्या देवळांचा एक टापू पसरलेला आहे. या टापूंत घडीव दगडाचें देऊळ, मोडका खांब किंवा बांधावर पडलेली कोरीव शिळा दिसली, कीं तिला ‘हेमाडपंती’ म्हणण्याची रूढि आहे. ग्रामस्थांनीं असें म्हणावें यांत नवल नाहीं. परंतु संग्राहक व अभ्यासक यांच्या टिपणांतही हाच शब्द शिक्क्याप्रमाणें उमटतो, आणि शिक्का बसला कीं पुढील चौकशी थांबते. म्हणून या नांवाचा अधिकार किती, हें तपासून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. तुलनेस युरोपांतील ‘रोमानेस्क’ हें नांव घेतलें आहे. कारण दोन्ही नांवें जवळजवळ एकाच काळच्या इमारतींस लागलीं, आणि दोन्ही त्या इमारती बांधणाऱ्यांच्या तोंडचीं नव्हत.

हेमाद्रि ऊर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या महादेव (१२६१–१२७१) व रामचंद्र (१२७१–१३११) या यादव राजांचा श्रीकरणाधिप. ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा धर्मशास्त्रावरील प्रचंड ग्रंथ त्याचा. त्यांतील व्रतखंडाची राजप्रशस्ति यादवांच्या वंशावळीचें एक मुख्य साधन होय. लोकांनीं मात्र त्याच्या पदरीं याहून बरेंच घातलें आहे. मोडी लिपि त्यानें लंकेहून आणिली, बिभीषणास रोगमुक्त करून राक्षसांचें साह्य मिळविलें व देवळें उभारलीं, अशा कथा प्रसिद्ध आहेत. लंकेची कथा मोडीच्या उगमाचा पुरावा म्हणून कोणी जाणता संग्राहक आज पुढें करणार नाहीं. देवळांची कथा मात्र ‘शैली’ हें प्रतिष्ठित नांव धारण करून आपल्या सूचींत शिरली आहे.

आतां लेखांची साक्ष पाहूं. अंबरनाथच्या शिवालयांत शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलाहारांचा लेख आहे. देऊळ सामान्य व्यवहारांत हेमाडपंतीच समजलें जातें. पण तें हेमाद्रि अधिकारावर येण्यापूर्वीं सुमारें दोनशें वर्षें उभें होतें. अकोला जिल्ह्यांतील बार्शीटाकळीचा लेख शके १०९८ (इ. स. ११७६) चा असून त्यांत हेमाद्रिदेव हें नांव येतें. घाईनें वाचणारास येथें हेमाडपंत सांपडल्याचा आनंद होईल. परंतु हा हेमाद्रि यादवांच्या प्रधानाच्या पाऊणशें वर्षांहून अधिक आधींचा, अर्थात् निराळा पुरुष आहे. उंद्रीच्याच टापूंतील अमडापूर येथील सिंघण यादवाच्या कारकीर्दींतील लेख शके ११३३ चा, म्हणजे तोही महादेवाच्या राज्यारोहणापूर्वीं पन्नास वर्षांचा. उलट, पंढरपूरच्या ‘चौऱ्यांशीच्या लेखांत’ (शके ११९५–११९९) खुद्द हेमाडपंडिताचें नांव आहे, पण तें देणगीच्या संदर्भांत. देणगी देणारा आणि बांधणीची पद्धति शोधून काढणारा हे एक नव्हत. तात्पर्य, ज्या बांधणीस हेमाद्रीचें नांव दिलें जातें ती त्याच्या जन्मापूर्वीं परिपक्व झाली होती.

युरोपांत काय घडलें? अकराव्या व बाराव्या शतकांतील ख्रिस्ती देवालयांस ‘रोमानेस्क’ म्हणण्याचा प्रघात एकोणिसाव्या शतकांतला. नॉर्मंडींतील पुराणवस्तुज्ञ शार्ल द जेरव्हिल यानें १८१८ सालच्या एका पत्रांत हा शब्द सुचविला. इंग्रजींत विल्यम गन याच्या १८१९ च्या ग्रंथानें तो रूढ होऊं लागला. जेरव्हिलच्या मनांत भाषेचा दाखला होता. लॅटिन बिघडून जशा फ्रेंचादि भाषा झाल्या, तशी रोमन वास्तुकला बिघडून ही झाली, असा त्याचा भाव. संस्कृत बिघडून मराठी झाली असें म्हणण्यासारखेंच हें होय. म्हणजे नांवाच्या पोटींच अवहेलना होती.

तथापि तेथील अभ्यासकांनीं नांव ठेविलें आणि त्याचा अर्थ इमारतींकडून दुरुस्त करून घेतला. स्पायरचें देवालय १०३० च्या सुमारास, क्लूनीचें तिसरें १०८८ सालीं व डरहॅमचें १०९३ सालीं सुरू झालें, असा कालक्रम आधीं लाविला, आणि मग शैलीविषयीं बोलूं लागले. डरहॅमच्या छतांत शिरांची रचना व टोंकदार कमानी आहेत. या खुणा पुढील गॉथिक पद्धतीच्या म्हणून समजल्या जात. म्हणून इमारतीचा काळ कोणीं बदलला नाहीं. शैलीची व्याख्या सैल केली. आपल्याकडे नेमकें उलट होतें. नांव अढळ राहतें, आणि इमारतीचा काळ त्याच्याकडे ओढला जातो.

बांधणीच्या दृष्टीनें हे दोन संप्रदाय भिन्न आहेत. रोमानेस्क छत कमानीचें. त्याचा रेटा बाहेरच्या अंगास जातो, म्हणून भिंती जाड व खिडक्या लहान. आपल्या देवळांत आडव्या तुळया आणि एकावर एक पुढें सरकविलेले दगडी थर; भार सरळ खालीं उतरतो, म्हणून चुन्यावांचून केवळ वजन व खांचा यांच्या बळावर दगड उभे राहतात. परंतु मूर्तिकामाची जागा बांधणीनें ठरवावी, हा नियम दोहोंकडे सारखाच. ओतँ येथील देवालयाच्या दारावरचा अंतिम न्यायाचा शिल्पपट कमानीच्या अर्धवर्तुळांत बसविलेला आहे; लोणारच्या दैत्यसूदनाच्या मंडपांतील नरसिंहादि प्रसंग छताच्या शिलापट्टांत बसविले आहेत. दोन्ही ठिकाणीं शिल्प हा गवंड्याच्या कामाचाच भाग आहे.

ओतँचा पट आणखी दोन गोष्टी शिकवितो. त्यावर गिस्लेबर्टस हें नांव कोरलेलें आहे, व तें शिल्पकाराचेंच असें पुष्कळ काळ गृहीत धरिलें जाई. १९९९ सालीं लिंडा सायडेल या विदुषीनें तें एका पूर्वकालीन सरदाराचें असावें, असा पक्ष मांडला. पक्ष मान्य असो वा नसो, प्रत्यक्ष दगडावर नांव असतांही तेथें असा वाद होऊं शकतो. आपण तर ज्या देवळावर हेमाद्रीचें अक्षरही नाहीं तें त्याच्या हवालीं करितों. दुसरी गोष्ट अशी, कीं हा पट ओबडधोबड वाटल्यावरून १७६६ सालीं गिलाव्याखालीं झांकला गेला, व १८३७ सालीं पुन्हां उघडा पडला. गिलाव्यानेंच तो राज्यक्रांतीच्या धुमाळींतून वांचविला, हें दैवाचें काम. क्लूनीच्या वांट्यास तें दैव आलें नाहीं. त्या महादेवालयाचा बहुतेक भाग १७९८ नंतरच्या पंचवीस वर्षांत दगडासाठीं पाडला गेला.

आतां आपल्याजवळ काय आहे तें सांगतों. युरोपाला नवें नांव घडविणें भाग पडलें; आपल्याकडे शिल्पशास्त्राचे ग्रंथ आहेत. ‘समरांगणसूत्रधार’ (१९२४–२५) व ‘अपराजितपृच्छा’ (१९५०) हे दोन्ही बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत छापले गेले. त्यांत ‘भूमिज’ या प्रासादप्रकाराचें वर्णन आहे: चार बाजूंस चार उभ्या लता, व त्यांच्या दरम्यान मजल्यामजल्यांनीं चढत गेलेल्या लहान शिखरांच्या ओळी. अंबरनाथ व सिन्नरचें गोंदेश्वर हीं या जातीचीं. हें नांव त्या काळच्या सूत्रधारांचें आहे. हेन्री कझिन्स याच्या १९३१ च्या ग्रंथांत लोणार, सातगांव इत्यादि स्थळांचीं देवळें आहेत. त्यानें ग्रंथनामांत ‘दख्खनचीं मध्ययुगीन देवळें’ इतकेंच म्हटलें, हा विवेक अनुकरणीय होय.

‘हेमाडपंती’ हा शब्द टाकून द्यावा असें आमचें म्हणणें नाहीं. चुन्यावांचून केलेली घडीव दगडांची बांधणी, एवढ्या अर्थानें तो सोयीचा आहे व लोकांच्या जिभेवरून जाणारही नाहीं. मात्र त्यास कालवाचक मानूं नये. टिपण करितांना जोत्याचे थर, खांबांचे प्रकार, शिखराची जाति आणि लेख यांची नोंद प्रथम व्हावी. नांव शेवटीं यावें. ज्यांच्या दप्तरांत वास्तुशास्त्राचीं सुटीं पानें असतील त्यांनीं तीं प्रकाशांत आणावींत. हें काम लांबविण्याजोगें नाहीं. जीर्णोद्धाराच्या उत्साहांत तैलरंग व सिमेंट यांखालीं गेलेलें अक्षर ओतँच्या पटाप्रमाणें पुन्हां उघडें होईल, याची हमी कोणी देऊं शकत नाहीं; आणि देऊळ हेमाडपंती आहे एवढें ठाऊक असल्यावर तेथें लेख होता काय, हें विचारण्याची आठवणही कोणास राहत नाहीं.